दोन आकड्याचा डबा

दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे रिकामी खोकी चपटी करून रचून ठेवतात, तिथल्या डगमगत्या टेबलावर बसून तिने नोकरीचा फॉर्म भरला. नाव, पत्ता, शिक्षण. आधीचा अनुभव, नाही. पेन झरझर चाललं होतं. पुढचा रकाना आला, ‘मुले किती’, आणि पेन न थांबता तिथे ‘एक’ लिहून मोकळं झालं. त्याच्या शेजारी वयाचा लहानसा चौकोन होता. तिथे मात्र ती अडखळली. बोटांच्या पेरांवर मोजलं आणि लिहिलं, ‘सात महिने’.

हिशेब चुकला नव्हता. गोटी असती तर त्याच आठवड्यात सात महिन्यांची झाली असती.

खोडावं म्हणून तिने पेन पुन्हा टेकवलं, तेवढ्यात समोरच्या बाईंनी कागद ओढून घेतलासुद्धा. या बाई पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दुकानात नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला दहा दिवस शिकवायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे मास्तरीणबाई.

“सात महिन्यांचं? अगं, मग घरी कोण बघतंय?”

“सासूबाई.”

“मुलगा की मुलगी?”

“मुलगी.”

“बसते का?”

किती दिवसांत असं कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्या तोंडून उत्तर आपसूक निघालं, “उशी लावली की बसते. मधेच कलंडते.”

“कलंडणारच,” मास्तरीणबाई हसल्या आणि फॉर्मवर सही ठोकून उठल्या. “चल, आधी अंडी दाखवते.”

अंड्यांचा ट्रे उघडायचा आणि प्रत्येक अंडं बोटाने हलकेच फिरवायचं. फिरलं तर धड. नाही फिरलं तर खालून फुटून चिकटलेलं. तिच्याबरोबर आणखी एक नवा माणूस लागला होता, तिशीतला, इतका लांबलचक की वरच्या फळीवरचा माल काढायला त्याला स्टूल लागत नसे. पहिल्याच दिवशी त्याचं नाव उंच्या पडलं आणि त्याने ते आनंदाने मान्य केलं. पहिल्या तासात त्याने तीन अंडी फोडली.

“अरे, फिरव म्हटलं, पीळ नाही म्हटलं!” मास्तरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “हिची बोटं बघ. लेकुरवाळीची बोटं आहेत ती.”

तिने मान खाली घातली. अंडं तिच्या बोटाखाली अलगद फिरलं.

मग रोज एकेक भाग. जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे सारायचा, नाहीतर मागचा माल मागेच म्हातारा होतो. लेबलाचं तोंड गिऱ्हाइकाकडे. फळीत खिंड पडलेली दिसता कामा नये, मागचा डबा पुढे घेऊन बुजवायची. “गिऱ्हाईक वाचत नाही, गिऱ्हाईक बघतं,” मास्तरीणबाई दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. “वाचायचं काम आपलं.” उंच्या त्यांच्या पाठीमागे चष्मा सारखा करायची नक्कल करून हेच वाक्य म्हणायचा, आणि ती ओठ दाबून हसायची. हसू आलं की मग तिलाच दचकायला व्हायचं. आपलं हसू इतके दिवस कुठे होतं?

चहाच्या सुट्टीत मास्तरीणबाई हटकून विचारत, “काय म्हणतंय बाळ?”

आणि ती सांगे. सुरुवातीला चाचरत, तुटक. पण तिसऱ्या दिवशी गोटी उशीशिवाय बसली. पाचव्या दिवशी तिने सासूबाईंचा चष्मा ओढला. सहाव्या दिवशी खालचा एक दात लुकलुकला. हे सगळं तिला ठरवावं लागत नसे. चहाचा कप हातात घेतला की ते आपोआप दिसायला लागे, जणू आदल्या दिवशी घरी घडलेलंच आहे. मास्तरीणबाई कौतुकाने ऐकत, उंच्या बुडवलेलं बिस्कीट काढायचं विसरून ऐके आणि ते कपात पडे.

“तुझं लक्ष बिस्किटाकडे ठेव,” बाई म्हणत.

“दात आलाय ताई, लहान गोष्ट आहे का!” तो म्हणे.

घरी याच्या अगदी उलट होतं. गोटी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिची झबली, दुपटी, खुळखुळा, सगळं एका ट्रंकेत घातलं आणि ट्रंक पलंगाखाली ढकलली. पाळणा कुणाला तरी देऊन टाकला. “विषय नको आता,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि दुष्टपणाने नव्हे. त्यांचेच डोळे सुजलेले होते. नवरा गॅरेजमधून येई, हात धुई, जेवे, भिंतीकडे तोंड करून झोपे. कधी झोपेत त्याचा हात पलंगाच्या मधल्या जागेवर हलकेच थोपटत राहायचा. ती जागीच असायची, पण बोलायची नाही. त्या घरात तीन माणसं एकमेकांना जपून जपून चालत होती, जशी काही जमिनीवर काच सांडली आहे. ते नाव मात्र कुणाच्या तोंडून येत नव्हतं.

गोटीच्या दुधाच्या पावडरीचा शेवटचा डबा तेवढा ट्रंकेत गेला नव्हता. सासूबाईंनी तो घासून त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले होते. डब्यावर मोठा एकचा आकडा. रोज कपडे वाळत घालताना ती त्या आकड्याकडे न बघता आत हात घालायची.

म्हणून दुकान. दुकानात गोटी होती. दोन दारं ढकलून आत आलं, अंगात दुकानाचा निळा कोट चढवला की गोटी सात महिन्यांची होती, बसत होती, चावत होती. कुणाला कळलं तर नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. कुणाला कळलं, तर गोटी पुन्हा जाईल. पुन्हा एकदा सगळं तेच.

सातव्या दिवशी पाळ्या लागल्या, शिकणं संपल्यानंतरच्या. सकाळची पाळी सगळ्यांनाच हवी असायची, कारण दोनला सुटका. नव्यांसाठी तिथे जागा एकच होती. दुकानाचा नियम असा की वर्षाच्या आतलं मूल असेल त्या बाईला ती आधी. मॅनेजर, गळ्यात टाय आणि हातात सदा फोन असा तरुण माणूस, यादी वाचून निघून गेला. सकाळ तिला, दुपार-संध्याकाळ उंच्याला.

उंच्या पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे उचलून रचत राहिला. मग तिनेच विचारलं, “काय झालं हो?”

“काही नाही वहिनी. वडिलांचा एका बाजूचा हात-पाय गेलाय. सकाळी शेजारच्या काकू बसतात. दुपारनंतर त्यांना जमत नाही.” आणि लगेच जोडलं, “पण तुमचं बरोबर आहे. लहान लेकराला आई पाहिजे. आमचं लेकरू सत्तर वर्षांचं आहे, ते काय, थोडं रडेल.”

तो स्वतःच हसला. तिला हसता आलं नाही. सांगावं, आत्ता सांगावं, असं जिभेवर आलं. पण चहाची वेळ झाली होती, मास्तरीणबाई कप भरत होत्या आणि विचारत होत्या, “मग? वरचा दात कधी म्हणतेय?” आणि ती म्हणाली, “हिरडी फुगलीय ताई.”

त्या दिवसापासून उंच्याच्या डोळ्याला डोळा देणं तिला जड जाऊ लागलं.

आठव्या दिवशी मास्तरीणबाई तिला घेऊन सातव्या रांगेच्या टोकाला गेल्या. लंगोट, ओले रुमाल, दुधाच्या बाटल्या, आणि पावडरीच्या डब्यांच्या चार फळ्या. प्रत्येक डब्यावर एकच गुबगुबीत मूल हसत होतं. ती पायात खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली.

“ही रांग मी कुणालाही देत नाही,” बाई म्हणाल्या. “बाकी कुठे चुकलं तर फार तर माल परत येतो. इथे चुकलं तर पोराच्या पोटात जातं. तू आई आहेस म्हणून तुला. हे बघ, एक आकडा जन्मल्यापासून सहा महिन्यांपर्यंत. दोन आकडा सहानंतर. डॉक्टरने काय लिहून दिलंय ते आधी विचारायचं. मग बाळ किती महिन्यांचं ते विचारायचं. आणि गिऱ्हाइकाने जे सांगितलं, ते आपण मोठ्याने परत म्हणायचं. मग डबा काढायचा.”

“मोठ्याने कशाला?”

“आपल्या कानाला कळावं म्हणून. डोकं कुठेतरी असतं गं आपलं. तोंडाने बोललं की हात चुकत नाही. म्हण बघू. बाळ पाच महिन्यांचं.”

“पाच महिने,” ती म्हणाली.

“दहा महिन्यांचं.”

“दहा महिने.”

“झालं. पास.”

त्या दिवशी तिने चारही फळ्या पुसल्या, जुने डबे पुढे घेतले, नवे मागे लावले. दोन आकड्याचे डबे डोळ्यांसमोरच्या फळीवर नीट मांडले. एक आकड्याचे खालच्या फळीवर होते, तिथे वाकून काम उरकताना तिने आकड्याकडे पाहिलं नाही. हात सवयीने चालले.

नवव्या दिवशी दुपार व्हायच्या आधी एक माणूस आला. पहारेकऱ्याचा गणवेश, डोळे तांबारलेले, कामावरून परस्पर आलेला दिसत होता. हातात डॉक्टरची चिठ्ठी, घामाने भिजून अक्षरं फुटलेली.

“ताई, बाळाची पावडर द्या. हीच, नाव लिहिलंय बघा. बायकोला ताप आहे, औषधं चालू आहेत, अंगावर पाजू नका म्हणालेत.”

चिठ्ठीवर डब्याचं नाव लागत होतं, पुढचा आकडा पुसला होता. “बाळ किती महिन्यांचं?” तिने विचारलं.

“तीन. म्हणजे तीन भरले.”

तीन महिने, असं मोठ्याने म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. गोटीलाही तेव्हा तीनच भरले होते. छातीत कफ दाटला, चार दिवस दवाखाना, आणि पाचव्या दिवशी सकाळी नवऱ्याने बाकड्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ते दोन शब्द तेव्हापासून तिने उच्चारले नव्हते. दुकानात तर त्यांना जागाच नव्हती, दुकानात गोटी पुढे गेली होती.

“बरं,” ती फक्त म्हणाली. आणि तिचा हात डोळ्यांसमोरच्या फळीकडे गेला.

त्याने डब्यावरचं हसरं मूल पाहिलं, हायसं वाटून तोही हसला. “थँक्यू ताई,” म्हणाला आणि काउंटरकडे पळाला.

दहावा दिवस. शिकाऊपणाचा शेवटचा. मागच्या खोलीत कोपऱ्यात एक पांगुळगाडा उभा होता, लाकडी, चाकांना नव्याने लाल रंग दिलेला.

“माझ्या नातवाचा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “पडून होता. काल बसून रंगवला. तुझी गोटी आता उभं राहायला बघेल, घेऊन जा. नाही म्हणायचं नाही.”

ती नाही म्हणाली नाही. ती गाड्याच्या लाल चाकांकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, पोरीला भरून आलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताखाली तिला वाटलं की आता पाय धरावेत आणि सांगून टाकावं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

कालचाच पहारेकरी. उघडलेला डबा त्याने काउंटरवर आपटला, पांढरी पावडर उडाली. “कोण आहे इथे शिकलेलं? तीन महिन्यांच्या पोराला सहा महिन्यांनंतरचं दिलंत! रात्रभर ओकत होतं. पोट दगडासारखं झालं होतं. पहाटे उचलून नेलं दवाखान्यात.”

“आता कसं आहे?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“आता झोपलंय. डॉक्टर म्हणाले बरं आहे. पण काही झालं असतं म्हणजे?”

मॅनेजर धावत आला. “कोणी दिला हा डबा?”

मास्तरीणबाई तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. दुकानातल्या पंधरा वर्षांत त्या कुणासाठी अशा उभ्या राहिल्या नसतील. “मी शिकवलंय, चूक माझी धरा, सर. दादा, तुम्ही पण ऐका. हिचं स्वतःचं बाळ सात महिन्यांचं आहे. घरी रोज दोन आकड्याचा डबा हाताळते, सवयीने हात तिकडे गेला. आई आहे हो ती. मुद्दाम करेल का?”

पहारेकऱ्याचा चढलेला आवाज खाली आला. त्याने तिच्याकडे पाहिलं. “तुम्हालाही लहान आहे? मग तर तुम्हाला कळायला पाहिजे होतं, ताई.”

तिथेच सगळं मिटत होतं. मॅनेजर ‘पुन्हा असं होता कामा नये’ म्हणायच्या तयारीत होता. तिने फक्त मान हलवायची होती. मान हलवली की नोकरी राहणार होती, पाळी राहणार होती, सुट्टीतला चहा राहणार होता, आणि वरचा दात येणार होता.

ती सातव्या रांगेकडे चालत गेली. खालच्या फळीपाशी उकिडवी बसली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक आकड्याचा डबा होता.

“बाळ किती महिन्यांचं म्हणालात?”

तो गोंधळला. “तीन.”

“तीन महिने,” ती मोठ्याने म्हणाली. काउंटरवरची मुलगी बिल करायची थांबली. “तीन महिने. तीन महिन्यांच्या बाळाला एक आकडा.” तिने डबा त्याच्या हातात दिला. मग मास्तरीणबाईंकडे वळली. “माझीही तीन महिन्यांचीच होती, ताई. त्यापुढे ती मोठी झालीच नाही.”

पहारेकऱ्याने डबा छातीशी धरला, मान तुकवली आणि तो निघून गेला. मॅनेजर टायशी चाळा करत म्हणाला, “मागे बसा. मी येतो.”

मागच्या खोलीत आल्यावर मास्तरीणबाईंचा पारा चढला. “दहा दिवस! दहा दिवस मी विचारत होते आणि तू सांगत होतीस. दात आला म्हणालीस! मी घरी जाऊन सुनेला सांगायची, आज तिची गोटी बसली, आज तिने चष्मा ओढला. मला खुळ्यात काढलंस तू? एवढी मी परकी?”

“परक्या नव्हता म्हणून तर,” ती म्हणाली. रडू येत नव्हतं, आवाज नुसता कोरडा पडला होता. “घरी तिचं नाव कुणी घेत नाही, ताई. तुम्ही विचारलंत, बसते का. मला वाटलं, एक दिवस बसू दे. मग रोजच…”

बाईंनी चष्मा काढला. काच पुसायला पदर हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या.

दारात उंच्या ट्रॉली धरून उभा होता, कधीपासून कोण जाणे. “सकाळची पाळी तुमची आहे,” ती त्याला म्हणाली. “आधीपासून तुमचीच होती. मी बळकावली.”

“राहू द्या वहिनी,” तो पुटपुटला. तो खाली वाकला, इतका उंच माणूस, आणि कोपऱ्यातल्या पांगुळगाड्याकडे बघत राहिला. मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी एक मोठं रिकामं खोकं उलगडलं आणि त्या गाड्यावर उपडं घातलं, लाल चाकं झाकेपर्यंत. मग पुन्हा येऊन बसल्या.

मॅनेजर नवा फॉर्म घेऊन आला. पहारेकऱ्याने लेखी तक्रार केली नव्हती. पण फॉर्ममधली माहिती खोटी, म्हणून कागद नव्याने भरायचा आणि दहा दिवस पहिल्यापासून मोजायचे. पाळी दुपारची. “आणि बाळांच्या रांगेत नको,” तो म्हणाला, हळू आवाजात, टेबलाकडे बघत. त्यालाही बिचाऱ्याला दुसरं काय म्हणावं ते सुचत नव्हतं.

नाव, पत्ता, शिक्षण. अनुभव, दहा दिवस. ‘मुले किती’ आलं आणि पेन थांबलं. शून्य काढायला तिने गोल सुरू केला. तो पुरा होईना.

“एक लिही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“पण ताई, आताच खोटं म्हणून…”

“झाली होती ना? नऊ महिने वाहिलीस ना? मग एक. विचारू दे कुणाला काय विचारायचं ते, माझ्याकडे पाठव.”

तिने त्या अर्धवट गोलातून रेघ खाली ओढली. कसाबसा एक झाला. शेजारच्या लहान चौकोनात लिहिलं, ‘तीन महिने’. लिहिताना ओठ हलले, आवाजही निघाला. आपल्या कानाला कळावं म्हणून.

बाईंनी कागद घडी करून बाजूला ठेवला. चहाची वेळ टळून गेली होती तरी त्यांनी कप भरला आणि तिच्यापुढे सरकवला. नेहमीचा प्रश्न आज आला नाही. उंच्या ट्रॉली दाराला टेकवून खाली खोक्यावर बसला.

“कशी होती गं?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

तिने कप दोन्ही हातांत धरला. यावेळी समोर काहीच दिसायला लागलं नाही. बसणारी नाही, चष्मा ओढणारी नाही. खूप मागे जावं लागलं, पलंगाखालच्या ट्रंकेपर्यंत, त्या दवाखान्यातल्या बाकड्याच्याही मागे.

“तिचा एक कान,” ती म्हणाली, “वरून दुमडलेला होता. डावा. मी रोज बोटाने सरळ करायची, तो पुन्हा दुमडायचा.”

तिने बोट उचललं आणि कपाच्या कडेवरून हलकेच फिरवलं. आणि मग तिला रडू फुटलं.